मातीचं मूल

पडद्यावर दुःखी मूल दाखवायचं तर एखाद्या खऱ्या मुलाला त्या दुःखाच्या जवळ न्यावं लागतं. उसने अश्रू कॅमेऱ्यापुढे टिकत नाहीत. मग मुलाला रडवतात: कुणी गोष्ट सांगून, कुणी आईला नजरेआड करून, कुणी नुसतं रागावून. मूल रडतं. आपण अंधारात बसून हळहळतो. त्या दिवशी काम संपल्यावर ते मूल जेवलं का, झोपलं का, हे विचारायला कुणी जात नाही.

*

हा प्रश्न आपल्या सिनेमाच्या पहिल्याच पानावर आहे. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राजपुत्र रोहिदास झाला होता दादासाहेब फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. त्या दिवसांची एक हकीकत सांगतात. चित्रीकरणाच्या मुक्कामी खेळता खेळता भालचंद्र पडला, डोक्याला लागलं, शुद्ध गेली. सोबतची मंडळी म्हणाली, काम थांबवू, पोराला दवाखान्यात हलवू. पण घ्यायचा राहिलेला प्रसंग नेमका रोहिदासाच्या निपचित देहाचा होता. फाळक्यांनी तो आधी घेतला.

त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. बायकोचे दागिने गहाण पडलेले असताना तो माणूस या देशात एक नवी कला उभी करत होता. तरीही ही हकीकत कळल्यापासून त्या चित्रपटाची उरलेली रिळं पाहताना माझी नजर राजावर ठरत नाही. ती त्या मुलाला शोधते.

दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, याच फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. एक काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा किंचित सरकवायची. पडद्यावर काड्या आपणहून चालू लागतात, आकृत्या मांडतात, मोडतात. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी अशीच थांबत थांबत टिपली होती.

दोन्ही वाटा एकाच माणसाच्या हातून निघाल्या. एका वाटेवर मूल बेशुद्ध आहे आणि कॅमेरा चालू आहे. दुसऱ्या वाटेवर कॅमेरा सारखा थांबतो आणि काडीला काहीच होत नाही.

*

स्टॉप-मोशन म्हणतात ती हीच दुसरी वाट. पुतळी हलवायची, हात मागे घ्यायचा, एक फ्रेम टिपायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला १४४०. पुष्कळदा एक स्थिती दोन फ्रेमना पुरवतात, तरी सेकंदामागे १२ वेळा पुतळीला हात लावावाच लागतो. आत सांध्यांचा धातूचा सांगाडा, वर सिलिकॉन, रबर, कापड नाहीतर माती. एखादा कारागीर दिवसभर खपतो तेव्हा जेमतेम काही सेकंद हाती लागतात. मुलानं मान खाली घालून दाराशी उभं राहायचं, एवढ्यासाठी सकाळची संध्याकाळ होते.

मातीला चिमटा बसत नाही. तिला उपाशी ठेवता येतं, पोरकं करता येतं, रात्री भरपावसात घराबाहेर काढता येतं, आणि त्यासाठी कुठल्याही मुलाला एक मिनिटही उपाशी राहावं लागत नाही.

पण एवढंच असतं तर ती निव्वळ सोय झाली असती. मला गुंतवतं ते वेगळंच. ज्याला कुणी जवळ घेतलं नाही अशा मुलाची ही गोष्ट, आणि ती सांगणाऱ्या पुतळीला मान वळवण्याइतक्या हालचालीसाठीसुद्धा कुणीतरी हातात घेतलेलं आहे. खांदा धरला, हनुवटी उचलली, पापणी मिटवली, बोटं उघडली. हेळसांड दाखवायला इतकी निगा लागते.

*

या वाटेवरचा माझा सर्वांत लाडका चित्रपट स्वित्झर्लंडच्या क्लोद बारास यांचा, २०१६ सालचा 'मा व्ही द कुर्जेत'. इंग्रजीत तो 'माय लाइफ ॲज अ झुकिनी' या नावानं मिळतो. जील पारी यांच्या कादंबरीवरून पटकथा सेलीन सियामा यांनी लिहिली. लांबी तासाभराहून थोडी जास्त.

नऊ वर्षांचा इकार. आई त्याला कुर्जेत म्हणते, म्हणून तोही स्वतःला तेच म्हणवतो. बाप निघून गेलेला. आई बिअर पिते आणि टीव्हीशी भांडते. पोरगा माळ्यावर तिच्या रिकाम्या डब्यांचे मनोरे रचतो. एक मनोरा कोसळतो, आई चिडून शिडी चढते, मार चुकवायला तो माळ्याचं झाकण आपटतो. आई खाली पडते. तिथेच संपते.

हे सगळं पहिल्या काही मिनिटांत होतं. ना किंकाळी, ना रक्त. पुढच्या प्रसंगात तो पोलिसासमोर बसलेला असतो आणि आपलं खरं नाव लावून घ्यायला नकार देतो. जिनं मारलं तिनंच ठेवलेलं नाव. दुसरं काही तिनं दिलेलंच नाही. बरोबर दोन वस्तू: बापाचं चित्र काढलेला पतंग आणि आईच्या बिअरचा रिकामा डबा.

मोठी माणसं म्हणतील, तो डबा फेकून द्या. चित्रपट तो फेकत नाही. मूल दारुड्या आईवरही प्रेम करतं, आणि त्या प्रेमाला चुकीचं ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे एवढ्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पुढे बालगृह. आपल्याला सवय आहे ती बालगृहातल्या छळाच्या गोष्टींची. इथे उलटं आहे. छळ घरी झाला आणि बालगृहात मुलं सावरतात. कुणाची आई दुसऱ्या देशात परत धाडलेली, कुणाचे आईबाप नशेत बुडालेले, एका मुलीचं बापानं काय केलं ते मुलं आपापसात अर्ध्या वाक्यात बोलतात. भिंतीवर एक फळा आहे. त्यावर रोज प्रत्येक मुलाचं हवामान लावायचं: आज ऊन, आज ढग, आज पाऊस. 'काय झालं, सांग' असं कुणी खोदत नाही. पाऊस असेल तर पाऊस लावून ठेवायचा.

आमच्या प्रत्येक शाळेच्या प्रत्येक वर्गात असा फळा असावा असं मला कळकळीनं वाटतं. त्याला पैसे लागत नाहीत. फळा वाचणारा एक मोठा माणूस लागतो.

त्यातलं बर्फावरचं दृश्य. मुलं सहलीला गेली आहेत. कुणातरी परक्याचं मूल बर्फात पडतं, रडतं, त्याची आई धावत येते, कुरवाळते. आपली मुलं ओळीनं उभी राहून पाहत राहतात. संगीत चढत नाही, कुणाचा डोळा भरत नाही. मोठाले गोल डोळे त्या आईवर लागलेले. खऱ्या मुलांना तिथे उभं केलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं, थोडं उदास बघा. पुतळ्यांना काही सांगायचं नसतं. कारागीर त्यांना हलवायचं थांबवतो, एवढंच.

आणि बेआत्रिस. फाटकाशी गाडी वाजली की 'आई' म्हणून धावणारी छोटी मुलगी. शेवटी खरंच आई येते तेव्हा ती मागे सरकते. वाट पाहण्यात तिचं एवढं बालपण गेलं, की येणाऱ्या बाईला जागाच उरली नाही.

शेवटी पोलीसदादा कुर्जेतला आणि त्याच्या मैत्रिणीला आपल्या घरी नेतो. बाकीची मुलं मागे राहतात. चित्रपट त्यांच्यावर पडदा ओढत नाही. खोडकर, दांडगट सिमोन आधी रुसतो, मग मित्राला स्वतःच जा म्हणतो. एवढ्या वयात एवढा मोठेपणा कुणाला दाखवावा लागू नये.

*

मी हे माधव नगरातून लिहिते आहे. रुळांच्या पलीकडे जुनं उज्जैन, महाकाल, क्षिप्रेचे घाट. अलीकडे फ्रीगंज, टॉवर चौक आणि आमच्या सरळ आखलेल्या गल्ल्या. वस्तीला नाव माधवराव शिंद्यांचं. शिंदेशाहीच्या काळात मराठी माणसं माळव्यात आली, इथलीच झाली. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी-माळवी, असं आमचं पिढ्यानपिढ्या चालत आलं.

आणि आमच्या या गावावर जगातलं एक थोर नाटक उभं आहे. त्याचं नाव एका मुलाच्या मातीच्या खेळण्यावरून पडलं.

शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. देवलांनी ते 'संगीत मृच्छकटिक' म्हणून मराठी रंगभूमीवर आणलं, आणि आपल्या आजी-आजोबांनी त्यातली पदं पाठ केली. दहा अंकांच्या त्या नाटकात काय नाही? जुगारी आहेत, चोर कलेनं भिंत फोडतो, गणिका वसंतसेना गरीब ब्राह्मण चारुदत्तावर प्रेम करते, तिचा गळा दाबला जातो, नायक वधस्तंभापर्यंत पोचतो, राजा बदलतो. एवढा पसारा, आणि शीर्षक सहाव्या अंकात थोडा वेळ दिसणाऱ्या मातीच्या गाडीला. शूद्रकाला आपल्या नाटकाचा जीव कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं.

चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडतो आहे. शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला होता, ती त्या मुलानं परत नेली. दासी रदनिकेनं मातीची करून दिली. ती त्याला नको. वसंतसेना विचारते, का रडतो? रदनिका मुलाला सांगते, ही तुझी आईच. मुलाचा विश्वास बसत नाही. आई असती तर अंगावर एवढे दागिने कसे?

गरिबीचं इतकं नेमकं ज्ञान मुलालाच असतं. त्याच्या लेखी आईची खूण म्हणजे मोकळे हात, मोकळा गळा.

वसंतसेना दागिने उतरवते, मातीच्या गाडीत भरते, म्हणते याची सोन्याची गाडी करून घे. तिचे डोळे वाहताहेत. आणि मूल नाही म्हणतं. तू रडतेस, म्हणून नको. ती डोळे पुसते, रडत नाही असं सांगते. त्याला खेळायला पाठवते. तेव्हा कुठे गाडी जाते.

कित्येक वर्षं मी या प्रसंगाचा पूर्वार्धच लक्षात ठेवला होता. दागिने भरलेली गाडी कुणीही लक्षात ठेवील. खरी गोष्ट पुढची आहे. रडत दिलेलं मुलाला घेता येत नाही. देणाऱ्याला सावरण्याचं काम त्याच्यावर येऊन पडतं, आणि ज्याचं बालपण अवघड आहे त्या मुलानं ते काम आधीच फार केलेलं असतं. घरातली मोठी माणसं रडतात तेव्हा पाण्याचा पेला घेऊन उभं राहतं ते तेच.

मुलांच्या दुःखावरचे बहुतेक चित्रपट रडत रडत दागिने देतात. व्हायोलिन वाजतं, कॅमेरा गालावरच्या थेंबाजवळ जातो. मातीच्या चित्रपटांपैकी जे चांगले आहेत ते आधी डोळे पुसून येतात. त्यांना दुसरा इलाजही नाही. एका सेकंदासाठी एवढ्या वेळा हात लावायचा तर हात स्थिर लागतो. रडणाऱ्या माणसाला पुतळी हलवता येणार नाही.

शूद्रक आणखी एक गोष्ट लपवत नाही. गाडीत भरलेले तेच दागिने नवव्या अंकात न्यायसभेत विदूषकाजवळून खाली पडतात आणि चारुदत्तावरचा खुनाचा आरोप पक्का होतो. मुलाशी मायेनं वागल्याची किंमत मोठ्यांना चुकवावी लागू शकते. तरी वसंतसेनेचं चुकलं, असं नाटकात कुणीही म्हणत नाही.

*

शूद्रकाच्याही कितीतरी आधी इथे कुणीतरी माती हाताळली होती. उज्जैनच्या जवळच कायथा आहे. आमच्या गावचे विष्णु श्रीधर वाकणकर, ज्यांनी भीमबेटका जगापुढे आणलं, त्यांनीच १९६४ च्या सुमारास कायथाचं प्राचीन स्थळ हुडकलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन थरांतून मातीचे छोटे बैल निघाले. पूजेचे की खेळण्यातले, याची चर्चा विद्वान करोत. कुणीतरी बोटांनी चिमटा घेऊन वशिंड काढलं होतं, आणि ते वशिंड अजून उरलं आहे.

*

अवघड बालपण म्हणजे फक्त पोरकेपण, मारझोड, उपासमार असं समजू नये. १९६७ चा दहा मिनिटांचा रशियन बाहुलीपट आहे, रोमान काचानोव यांचा 'वारेझ्का'. वारेझ्का म्हणजे लोकरी हातमोजा. एका मुलीला कुत्र्याचं पिल्लू हवं आहे. आई पुस्तकातून मान वर काढत नाही, आणलेलं पिल्लू परत द्यायला लावते. मुलगी आपला लाल हातमोजा दोरीनं ओढत बर्फात फिरवते आणि तो पिल्लू होतो. पळतो, उड्या मारतो. चित्रपटात बोलणं नाही.

घरी आल्यावर मुलगी मोज्यापुढे दूध ठेवते. आई ते पाहते. काही बोलत नाही. वरच्या मजल्यावर जाऊन पिल्लू मागून आणते.

ही आई वाईट नव्हती. तिचं डोकं दुसरीकडे होतं. आमच्या गल्लीतल्या किती घरांत आज हेच चाललं आहे, फक्त पुस्तकाच्या जागी मोबाईल आला. मूल मारलं जात नाही, उपाशी नसतं, चांगल्या शाळेत जातं, आणि संध्याकाळभर त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. या दुःखाची तक्रार कुठल्या ठाण्यात नोंदवायची? मोज्यापुढे ठेवलेलं दूध कुणीतरी पाहावं लागतं.

*

मोज्यात पिल्लू पाहणाऱ्या मुली आमच्याकडेही आहेत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून पितृपक्ष संपेपर्यंत माळव्यात संजा मांडतात. कुमारिका भिंतीवर शेणानं आकृती काढतात, त्यावर फुलांच्या पाकळ्या, चमकी लावतात. संध्याकाळी तिच्यापुढे बसून गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी आधीची आकृती काढायची, नवी मांडायची. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी. अखेरीला मोठं किलाकोट, म्हणजे किल्ला. मग सगळं खरवडून पाण्यात सोडायचं.

गाणी ऐकायला गमतीची, पण विषय सारा सासरचा. संजा लहान आहे आणि तिला सासरी जायचं आहे. आमच्या मराठी घरांतल्या मुली भोंडल्याला फेर धरत, खानदेशात भुलाबाई बसवत. तिथेही तीच सासू, तीच नणंद, माहेराची तीच ओढ. ज्या पिढ्यांनी ही गाणी म्हटली त्यांची लग्नं खरोखर त्याच वयात होत होती. भीती त्यांची स्वतःची होती. मोठ्यांपुढे ती बोलायची सोय नव्हती, म्हणून भिंतीवरच्या शेणाच्या मुलीला आधी सासरी पाठवून पाहायची.

रोज एक आकृती, रोज थोडा बदल. मधल्या रात्री अंधार. भिंतीसमोर बसलेल्या मुलींना ती हलताना दिसत असणार, यात मला शंका नाही.

मोठ्यांनी मुलांविषयी केलेला हा खेळ नव्हे. हा मुलींनी स्वतःविषयी, स्वतःच्या हातांनी केला. म्हणून तो मला स्वित्झर्लंड-रशियाच्या सगळ्या चित्रपटांहून मोठा वाटतो.

आता बाजारात छापील कागदी संजा मिळते. चिकटवली की झालं. शेण हाताला लागत नाही, आकृती रोज बदलावी लागत नाही. मी ती विकत घेणाऱ्या आयांना नावं ठेवत नाही. फ्लॅटच्या रंगवलेल्या भिंतीवर शेण कोण लावू देईल? पण जे गेलं ते नुसती सजावट नव्हती, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

*

ऑस्ट्रेलियाचे ॲडम इलियट आपल्या पुतळ्यांवरचे बोटांचे ठसे पुसत नाहीत. २००९ च्या त्यांच्या 'मेरी अँड मॅक्स'मध्ये मेलबर्नच्या बाजूची आठ वर्षांची एकटी मेरी न्यूयॉर्कच्या एका एकट्या, मध्यमवयीन मॅक्सला पत्र लिहिते, आणि वर्षानुवर्षं लिहीत राहते. २०२४ च्या 'मेमॉयर ऑफ अ स्नेल'मध्ये बाप गेल्यावर जुळी भावंडं देशाच्या दोन टोकांना दोन घरी धाडली जातात. बहीण गोगलगायी जमवते आणि स्वतः शंखात शिरते.

या दुसऱ्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार आहे. इलियट दुःखावर दुःख रचत जातात, आणि एका जागी मला वाटलं, आता या मुलीला जरा बसू द्या. बारास यांना कुठे थांबायचं ते जास्त कळतं. पण भावाबहिणीच्या ताटातुटीचा प्रसंग मी पुन्हा पाहिला, आणि पुन्हा पाहीन.

*

गोंडसपणाचा धोका या कलेला कायम आहे. मोठे डोळे, लाल नाक, निळे केस, आणि प्रेक्षक विरघळायला तयारच. ज्या पुतळीला पाहून ती विकत घ्यावीशी वाटते, तिचं दुःख आपण ऐकलेलं नसतं.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या दिशेनं येतो. तो दगड पुतळीला मारता आला नसता. ज्या समाजानं मुलाला अपमानित केलं त्याला जाब विचारायचा तर खरं मूल, खरं गाव, खरं डुक्कर लागतं. मातीचं मूल आरोप करायला कमी पडतं. ते जखमेशेजारी बसून राहू शकतं, जितका वेळ हवा तितका.

आपल्याला दोन्ही हवं. मराठीनं पहिलं काम धीटपणे केलं. दुसऱ्याची परंपरा उभी राहिली नाही.

*

हातांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. पेणला शाडूच्या मूर्ती घडतात. पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्या नाचवतात. पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव मोठ्यांना तोंडावर सुनावतो आणि तीन-तीन पिढ्यांची मुलं हसतात. विक्रमादित्याच्या सिंहासनाला बत्तीस पुतळ्या होत्या आणि प्रत्येकीनं गोष्ट सांगून राजाला पायरीवर थांबवलं, हे तर आमच्या उज्जैनचंच.

मुंबईत सुरेश एरियत यांनी 'टोकरी' हा मातीचा लघुपट केला. वडिलांचं जिवापाड जपलेलं घड्याळ मुलीच्या हातून बिघडतं आणि ती टोपल्या विकायला रस्त्यावर उतरते. २०१७ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला उत्कृष्ट ॲनिमेशनचा मान मिळाला. तो पुरा व्हायला कित्येक वर्षं लागली. मुंबईच्या सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांकडे आपण काच वर करून पाहतो. इथे त्यांच्यातल्या एकीच्या घरात मिनिटाला १४४० फ्रेमच्या सावकाशीनं राहावं लागतं.

ज्यांच्या हातात कला आहे त्यांना माझी विनंती आहे. 'मृच्छकटिका'चा सहावा अंक मातीत करा. विषय मातीचा, पात्रं तीन-चार, जागा एका घराचं दार. रोहसेनाला कुठल्याही मुलाला रडवल्याशिवाय रडता येईल. वसंतसेना डोळे पुसते त्या क्षणाला जितक्या फ्रेम लागतील तितक्या द्या. घाई त्या एका जागी नको.

आणि वाचकहो, घरात मूल असेल तर कुर्जेतचा चित्रपट त्याच्यासोबत पाहा. आधी एकट्यानं पाहून घ्या, कारण आईच्या मृत्यूचा प्रसंग सुरुवातीलाच आहे आणि एका मुलीचा उल्लेख तुम्हालाही जड जाईल. फार लहान मुलाला दाखवू नका, नऊ-दहा वर्षांचं होऊ द्या. पाहताना मध्ये समजावून सांगू नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. संपल्यावर लगेच 'कसा वाटला' असं विचारू नका. मूल दोन दिवसांनी, जेवताना किंवा शाळेत सोडायला जाताना, एखादा प्रश्न विचारील. तेव्हा थांबा, आणि त्यानं जेवढं विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्या.